मागे कोण बसणार?

वाशीमला आजही कोणी मोटार घ्यायला निघाला की आधी माझ्या घरावरून जातो. लढाईत पेट्रोल कुपनावर गेले, कितीतरी मोटारी गोठ्यात ठोकळ्यांवर चढल्या, पण लोकांची हौस काही कमी झाली नाही. कोणती घ्यावी, असे ते विचारतात. मी उलट विचारतो, मागे कोण बसणार? बहुतेकांना प्रश्न कळत नाही. पुढे कोण बसणार, हेच ते सांगू लागतात.

हा प्रश्न मला आपोआप सुचलेला नाही. एका बाईने तो मला शिकवला. शिकवण्याआधी माझ्यामुळे तिचे जे गेले, ते कोणाला परत आणता येण्यासारखे नव्हते. ते मी इथे लपवणार नाही. आमच्या भागात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मी मूळचा जिनातला. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रे ज्या इंजिनावर चालत, त्याला तेलपाणी करता करता इंजिनाची भाषा कळू लागली. पुढे एका वकिलांची मोटार हाकली, आणि हळूहळू मोटारी पाहून देण्याचे काम गळ्यात पडले. बैल घेताना जसा पारखी माणूस सोबत नेतात, तसे लोक मला नेत. अकोल्याचे एजंट दारापर्यंत मोटारी आणत. मोठ्या घरांना लागे ती बंद मोटार: चार दारांची, डोक्यावर पक्के छत, काचा वर करता येतील अशी. कापडी टपाच्या उघड्या गाड्या स्वस्त पडत, पण बायकामाणसांना न्यायचे तर बंदच हवी, असा सगळ्यांचा आग्रह.

गिऱ्हाइके एकेक नमुना. मंगरूळकडचे एक शेठ फक्त भोंगा वाजवून पाहत. आवाज मोठा तर गाडी मोठी, हा त्यांचा हिशेब. एक म्हातारे पाटील फेटा बांधूनच आत बसत आणि फेटा छताला लागला की उतरून चालू लागत. त्यांना मी तेव्हा मनात हसलो होतो. आज हसत नाही, कारण त्या एका फेट्यात माझ्या सगळ्या कसोट्यांहून जास्त शहाणपण होते.

माझ्या कसोट्या बैलबाजारातून आलेल्या. बाजारात माल भरलेल्या गाडीची चाके दोराने बांधतात आणि मग बैल जुंपतात. चाक फिरत नसताना जो जीव लावून ओढतो तो खरा. मी मोटार नदीच्या चढावर अर्ध्यात थांबवी आणि तिथूनच पुन्हा उचली. दुसरी कसोटी चाकोरीची. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाड्यांची चाके रुततात आणि उन्हाळ्यात त्याच खाचा दगडासारख्या वाळतात. ज्या मोटारीच्या दोन चाकांमधले अंतर बैलगाडीशी जुळते, ती त्या खाचांतून रुळावरच्या आगगाडीसारखी जाते. जुळले नाही तर एक चाक खाचेत आणि दुसरे वरंब्यावर, आणि आतली माणसे सारा वेळ एका अंगाला कललेली. तिसरी कसोटी ओझ्याची. मागच्या बाकावर माणसांच्या वजनाइतकी सरकीची पोती टाकायची आणि चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी किती दबतात, पोटाखालचा भाग जमिनीला घासतो का ते पाहायचे. या पोत्यांचा मला फार अभिमान होता.

किन्हीराजाच्या आबाजी पाटलांना मी याच रीतीने मोटार निवडून दिली. बुटकी, लांब, जोरदार. चढ एका दमात घेई. पोती मागे टाकून मी ती कारंजापर्यंत नेऊन आणली आणि हीच घ्या म्हणून छातीठोक सांगितले. पहिल्या फेरीला आबाजींची बायको सखूबाई बसली. कारंजाला तिची थोरली बहीण दिलेली होती, तिच्याकडे जायचे होते. हाकायला मीच होतो.

सखूबाई अंगाने भरलेली, गुडघ्याने अधू. दार अरुंद, छत खाली. डोक्यावरचा पदर सांभाळत आत शिरताना कपाळ चौकटीला लागले. बसल्यावर गुडघे पोटाशी आले. वैशाखाचे दिवस, धूळ आत येते म्हणून आबाजींनी काचा वर करायला लावल्या. पेट्रोलचा वास आत कोंडला. मागून एकदा बारीक आवाज आला, जरा थांबता का. पुढच्या चढाचा वेग मोडेल म्हणून मी थांबलो नाही. शेलूबाजारला पोचलो तेव्हा आठवडी बाजार भरला होता. तिथे दार उघडून ती खाली वाकली आणि भर बाजारात ओकली. लोक जमले, कोणी हसले. पाटलीणबाईला मोटार पचली नाही, असे एक जण मोठ्याने म्हणाला. तिने तोंड पुसले, पदर ओढून घेतला आणि ओळखीच्या एका बैलगाडीत बसून घरी परत गेली.

त्यानंतर ती मोटारीत बसली नाही. हट्ट नव्हता तो. पुढच्या हिवाळ्यात कारंजाहून निरोप आला, बहीण फार आजारी आहे, लगेच या. तेव्हा तिने दाराखालच्या पायफळीवर पाय ठेवला, डोके आत घातले, आणि वासाबरोबर तिला दरदरून घाम फुटून उमासे येऊ लागले. ती मागे सरली. पुन्हा प्रयत्न केला. अंग ऐकेना. शेवटी आबाजींना म्हणाली, तुमी व्हा पुढं, मी गाडीनं येतो. आबाजी आणि मी मोटारीने गेलो आणि बहिणीला बोलताना पाहिले. ती सारखी दाराकडे बघत होती, सखू कुठे आहे विचारत होती. सखूबाईची बैलगाडी दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर सगळे आटोपले होते.

मी अंगणात उभा होतो. तिच्या पायाशी वाकलो. तिने पाय मागे घेतले नाहीत की आशीर्वादाला हात वर केला नाही. एवढेच म्हणाली, "तुनं मले कधी इचारलं नाई रे भाऊ. पोत्यायले इचारलं."

पुढे बरेच दिवस मी कोणाला मोटार निवडून दिली नाही. मग इंझोरीहून बळीरामजींचे बोलावणे आले. बळीरामजी म्हणजे सखूबाईचा भाऊ. त्यांची आई घरीच होती, फार थकलेली, खाटेवर. कारंजाची लेक शेवटी सखूला भेटली नाही, हे म्हातारीच्या मनातून जात नव्हते. माझ्या वेळी सखू आली पाहिजे, एवढे एकच ती घरातल्या सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगे. म्हणून बळीरामजींना मोटार घ्यायची होती. तीन मोटारी पाहण्यात होत्या. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "दामूभाऊ, मोटार पाहून देनारे लय हायेत, पन तुमच्यावानी ठेच लागलेला माणूस मी कुठून आणू?"

तेव्हा मी मनाशी पक्के केले. हे काम करायचे, पण या वेळी पोती नाहीत. मी सायकलने किन्हीराजाला गेलो. सखूबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. मी म्हणालो, तीन मोटारी पाहायच्या आहेत, तुम्ही पाहा. आबाजी जोरात हसले. ती हसली नाही.

"मी मोटारीत बसत नाई, तुले मालूम हाये."

"म्हणूनच आलो, बाई. ज्यात तुम्ही बसू शकाल तीच घ्यायची. एकीतही नाही बसलात, तर एकही घेऊ नका म्हणून सांगीन."

तिने सुपातले खडे बाजूला टाकले. "चालवाची नाई," ती म्हणाली. "आधी नुसती उभी ठेव, अंगनात. मी माह्या कामाले बसतो तिच्यात. मंग पाहू."

एजंटांना हे फार जड गेले. मोटार पळवून दाखवायची असते, उभी करून कसली दाखवायची? पण बळीरामजींचा शब्द होता म्हणून तिन्ही मोटारी किन्हीराजाला आल्या. फाल्गुनातले ऊन होते. मी त्या निंबाखाली न ठेवता उन्हातच उभ्या केल्या. वाटेत सावली कोण धरणार?

पहिली हिरवी. त्या वर्षीची नवी, माशासारखी निमुळती. बाक असा मऊ की बसणारा रुतून जाई. तिचे इंजिन ऐकून माझे कान तृप्त झाले, हे खोटे कशाला सांगू? सखूबाई सूप घेऊन आत शिरली. पायफळी नावापुरतीच होती, त्यामुळे गुडघा वर घेताना तिने ओठ आवळले. छत मागे उतरते झाल्याने मान वाकवून बसावे लागले. थोड्याच वेळात ती घामाघूम होऊन बाहेर आली. "गादी चांगली हाये," म्हणाली, "पन निजाले. बसाले नाई." आबाजींची बुटकी मोटार अशीच होती. फरक रंगाचा.

दुसरी काळी. लांबलचक, भारदस्त. कलेक्टर वगैरे लोकांच्या दाराशी शोभणारी. मधोमध घडीच्या दोन जास्तीच्या खुर्च्या, म्हणजे सारे कुटुंब एका वेळी जाईल, असे एजंट सांगत होता. सखूबाईने शेजारच्या दोन बायकांना त्या खुर्च्यांवर बसवले. त्यांची पाठ तिच्या गुडघ्यांना टेकली. कोणाला हलता येईना. त्यातली एक म्हणाली, "वं माय, हे तं पाळण्यात तीन लेकरं घातल्यावानी झालं." तिघीही हसत उतरल्या. एजंटाने काच वर करून दाखवली, धूळ अजिबात येणार नाही म्हणाला. सखूबाईने त्याच्याकडे पाहिले. "धूळ येत नाई, पन हवा कुठून येते?" त्याने काच पुन्हा खाली केली.

तिसरी चॉकलेटी. तिच्या घडणीची तऱ्हा जुनी झाली होती म्हणून ती एजंटाकडे पडून होती. पेटीसारखी चौकोनी, उंच, पाहायला गावठी. पायफळी रुंद, छत सरळ. मागचे दार मागच्या बाजूला बिजागरीवर असल्याने उघडले की माणूस उभ्यानेच आत वळून बसे, नऊवारी लुगडे कुठे अडकत नसे. आणि पुढची काच खालून बाहेर उचलता येई, त्यामुळे वारा थेट मागपर्यंत जाई. सखूबाई बसली. पदर सावरला. डाळ निवडू लागली. मी दूर उभा राहून पाहत होतो. सुपातली डाळ संपली. ती उतरेल म्हणून आबाजी पुढे झाले. तिने आतूनच सूप बाहेर केले आणि म्हणाली, "आनखी आना."

त्यानंतर तिने चालवायला परवानगी दिली. हिरवी आणि काळी तिने आधीच नाकारल्या होत्या, पण मी म्हणालो की तिघींना एकाच वाटेने नेऊन पाहू, म्हणजे कोणी काही म्हणायला नको. त्या दोघींत मी एकटाच बसलो. चॉकलेटीत ती बसली. चाकोरीत काळी सारखी एका अंगाला कलत होती. हिरवी खाचांतून बरी गेली, पण वरंबा उंच असला की पोट घासे. चॉकलेटीची चाके चाकोरीत अशी बसली, जणू बैलगाडीवाल्याने मापून दिली होती. पण चढावर ती उघडी पडली. अर्ध्यात थांबवून उचलायची माझी आवडती कसोटी तिला झेपेना. पहिला गेर टाकून कण्हत कण्हत वर आली. हिरवीचा एजंट माझ्या कानाशी येऊन म्हणाला, मिस्त्री, ही मोटार आहे की दळणाची चक्की? मला राग आला, कारण तो खरे बोलत होता.

इंझोरीला निकाल सांगायचा होता. बळीरामजींचा धाकटा भाऊ वसंता हिरवीच्या प्रेमात होता. एजंटाचाच शब्द उचलून तो म्हणाला, "आईची वेळ आली अन् हे चक्की रस्त्यानं घुरघुरून राह्यली, तं? हिरवी घंटाभर आधी पोचवते."

त्याचे बोलणे चुकीचे नव्हते. इंजिन, वेग, पकड, सगळ्यात हिरवी वर होती. एवढी वर्षे मी त्यावरच पोट भरले होते. मी तसे स्पष्ट सांगितले. आणि पुढे सांगितले की आबाजींची मोटारसुद्धा वेगातच पहिली होती. ती कारंजाला वेळेवर पोचली. ज्या माणसाने पोचायचे होते ते मात्र तिच्यात नव्हते. चॉकलेटीचे दोषही मी लपवले नाहीत. चढ जड घेते, पेट्रोल जास्त पिते, आणि मागे बिजागरी असलेले ते दार धावताना चुकून निसटले तर वारा त्याला उपटून नेईल. त्याला आतून साखळी लावल्याशिवाय मी कोणाला बसू देणार नाही. एवढे असूनही माझा निकाल चॉकलेटी. वसंता उठून गेला.

बळीरामजी आत आईच्या खाटेशी गेले, मीही मागे उभा राहिलो. त्यांनी मोटारींची सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. म्हातारीने हात हलवून त्यांना थांबवले.

"सखू कोनत्या मोटारीत बसली?"

"चॉकलेटी हाये, तिच्यात."

"मंग मले इचारता कायले?"

मोटार इंझोरीला राहिली आणि बळीरामजींनी मलाच हाकायला ठेवून घेतले. पौषात म्हातारीने अन्न सोडले. सकाळीच मी किन्हीराजाला निघालो. सखूबाई पायफळीवर चढताना मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो. दार लागल्याचा आवाज आला, साखळी अडकवल्याचा आला, तेव्हा मी इंजिन सुरू केले. पुढची काच उचललेली. वारा बोचत होता, पण काच खाली घे असे तिने एकदाही म्हटले नाही. वाटेत मी दोनदा आपणहून थांबलो. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "मले काई झालं नाई. तुले दम लागला का?"

अडाण नदीच्या चढावर चॉकलेटी अडली. वसंता म्हणाला होता तसेच झाले. पहिल्या गेरातही चाके जागीच फिरू लागली. त्या घटकेला मला हिरवी आठवली, अगदी लख्ख आठवली, आणि मी स्वतःला फार शिव्या दिल्या. या बाईला दुसऱ्यांदा मीच उशीर करणार, असे वाटले. सखूबाई साखळी काढून खाली उतरली. वांगी भरलेली एक बैलगाडी मागून येत होती. तिने गाडीवानाला हाक मारली, त्याचे बैल सोडवले, दोर मोटारीला बांधायला लावला आणि स्वतः बाजूने चढ चढून वर जाऊन उभी राहिली. बैलांनी मोटार ओढून वर आणली. ती पुन्हा आत बसली. गाडीवान हसत म्हणाला, मोटारीलेही शेवटी बैलच लागते बाप्पा. ती म्हणाली, "लागला तं लागला. चाल रे दामू."

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी शुद्धीवर होती. सखूबाईने तिचा हात हातात घेतला. म्हातारीने पहिला प्रश्न केला, "कशानं आली वं?" सखूबाई म्हणाली, "मोटारीनं." म्हातारीने डोळे मिटले आणि मान हलवली. त्यानंतर काही दिवस ती होती. सखूबाई तिला चमच्याने पाणी पाजत खाटेशी बसून असे. शेवटचे पाणीही तिनेच दिले.

दिवसकार्य झाल्यावर मी तिला परत पोचवायला निघालो. कारंजा मागे पडले. तिथे बहिणीच्या घराच्या रस्त्याकडे तिने मान वळवून पाहिले. आईची भेट झाली म्हणून बहिणीची राहिलेली भेट कुठे जात नाही, हे मला कळत होते. आजही कळते. या दोन गोष्टींची वजाबाकी होत नाही.

शेलूबाजार आले तेव्हा नेमका आठवडी बाजार भरला होता. मी वेग वाढवून गर्दीच्या कडेने निघून जाणार होतो.

"थांबव," मागून आवाज आला.

मला वाटले, काच वर असेल, वास आला असेल, तिला पुन्हा तसेच होत असेल. मी भर बाजारात, पूर्वीच्याच जागी, मोटार उभी केली. दार उघडले. सखूबाई पायफळीवर पाय ठेवून उतरली. लोक पाहू लागले. काहींनी ओळखले, कुजबुज झाली. ती सावकाश भाजीवाल्या माळिणीच्या पालाशी गेली, खाली बसून तिने मेथीच्या जुड्या चाळून पाहिल्या, एक कोवळी नाही म्हणून परत ठेवली, दुसरी घेतली, भाव पाडला, माहेरच्या चार गोष्टी बोलली. घाई कशाचीच नव्हती. मग मेथी काखेत धरून परत आली. हात द्यायला मी खाली उतरलो होतो. तिने माझा हात बाजूला केला, सगळ्या बाजारासमोर पायफळीवर चढली, आत वळली, बसली, आणि साखळी लावली.

मी जागेवर बसलो. बाजार मागे पडला. बरेच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "डाव्या अंगाची कमान करकर करून राह्यली. घरी गेल्यावर तेल दे तिले."

मी कान दिला. खरेच, डावीच होती.